तुम्ही विचारलंत म्हणून: ल्यूइसचा मठ कुणी पाडला?

“तोफा लावल्या होत्या का हो?” दक्षिण इंग्लंडमधल्या ल्यूइसच्या मठाचे अवशेष दाखवले की हा प्रश्न येतोच. तोफा नाहीत म्हटलं की दंगल, दंगलही नाही म्हटलं की ‘काळाच्या ओघात पडलं असेल’. उत्तर दरवेळी अर्ध्यावर राहतं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

मठ ख्रिस्ती साधूंचा, फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या परंपरेचा, म्हणजे संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमानेच चालणारा. नोव्हेंबर १५३७ मध्ये तो, पोपशी फारकत घेऊन देशभरातले मठ बंद करणारा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या ताब्यात आणि तिथून त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या पदरात गेला. मार्च १५३८ मध्ये चर्च पाडायचं काम जोरात सुरू होतं. ते करवून घेणारा इटालियन अभियंता जोव्हान्नी पोर्तिनारी. त्याने क्रॉमवेलला लिहिलेलं पत्र टिकून आहे.

लंडनहून त्याने १७ माणसं आणली: ३ सुतार, २ लोहार, शिसेकाम करणारे २, भट्टी सांभाळणारा १, बाकीचे भिंती तोडणारे. गावातल्या माणसांपेक्षा हे जास्त कसबी, असं तो आवर्जून कळवतो. भट्टी कशाला? छपरावर शिसं होतं आणि हातोहात विकला जाणारा माल तोच. उतरवायचं, वितळवायचं, लगडी ओतायच्या.

भिंती ५ फूट जाड, मनोऱ्याच्या १० फूट. सगळ्यात मोठ्या खांबांचा घेर ४५ फूट. वरून घण घालत बसलं तर वर्ष सरेल. म्हणून पायथ्याशी पोखरायचं, पोकळी झाली की सुतारांनी लगेच लाकडी टेकू द्यायचे, मग पुढचा हात पोखरायचा. सगळा भार टेकूंवर आला की ते जाळायचे किंवा बंदुकीच्या दारूने उडवायचे. टेकू कमी पडले तर भिंत माणसांवरच बसते. एकीकडे जास्त पोखरलं तर नको तिकडे कलते. सुतार लागतात ते यासाठी. इमारत पाडतानाही आधी तिला आधार द्यावा लागतो.

आता उभ्या भिंतीजवळ जाऊन पाहा. बाहेरून लावलेला घडीव दगड फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या ‘कान’ या शहराकडचा, समुद्र ओलांडून आणलेला. त्याला गिऱ्हाईक होतं. १५७२ मध्ये बांधलेल्या साउथओव्हर ग्रेंज या घरात तो आजही दिसतो. आतला भरणा चकमकीच्या गोट्यांचा आणि चुन्याचा. तो कोण विकत घेणार? म्हणून भिंती कुरतडल्यासारख्या दिसतात. पावसापाण्याने नंतर झिजल्या, नाही म्हणत नाही. पण साल सोलली ती माणसांनी.

पूर्वी मी याला सरळ ‘धर्मद्वेष’ म्हणायचे. पत्र वाचल्यावर तो शब्द अडतो, कारण त्यात आहेत फुटांची मापं आणि माणसांचा हिशोब. मग द्वेष नव्हताच म्हणू? तेही जिभेवर येत नाही. हुकूम देणारा निराळा, टेकू लावणारा निराळा, आणि दोघांना एकाच शब्दात बसवणं मला अजून जमलेलं नाही.

एवढं शिसं नेलं, तरी थोडं जमिनीत राहिलं. १८४५ मध्ये रेल्वेमार्गासाठी मठाच्या जागेतूनच खोदताना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या, लांबी ३ फुटांच्या आत. आत हाडं, वर नावं: विल्यम आणि गुंड्राडा, मठ स्थापणारं जोडपं. पेट्या आता जवळच्या साउथओव्हर चर्चमध्ये आहेत. मुख्य वेदीच्या जागेवरून गाड्या जातात.