पाचपैकी शून्य

मे महिना, पेपर तपासणीचं केंद्र. मी मॉडरेटर, त्यामुळे हातात हिरवं पेन आणि समोर दुसऱ्यांनी तपासलेले गठ्ठे. विषय रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलस काटेकोरपणे सिद्ध करणारं गणित), तृतीय वर्ष.

एका उत्तरपत्रिकेत लाल शाईचं ठसठशीत शून्य दिसलं. प्रश्न असा: 'फ चा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह धन असेल, तर शून्याच्या आसपास फ चढतं असतं. खरं की खोटं?' (फ हे फंक्शन; डेरिव्हेटिव्ह म्हणजे एखाद्या बिंदूपाशी त्याच्या ग्राफचा उतार.) पोरानं लिहिलं होतं, खोटं. खाली उदाहरण: फ(क्ष) = क्ष/२ + क्ष² साइन(१/क्ष), आणि फ(०) = ०.

शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "सर, उत्तरसूचीत 'खरं' आहे. मीन व्हॅल्यू थिअरमनं सिद्ध केलंय." (दोन बिंदूंमधला सरासरी उतार मध्ये कुठेतरी प्रत्यक्ष उतार म्हणून सापडतोच, असं हे थिअरम सांगतं.)

मी मागच्या कोऱ्या कागदावर करून पाहिलं. शून्यापाशी उतार काढायचा भागाकार, म्हणजे (फ(क्ष) − फ(०)) ÷ क्ष, येतो १/२ + क्ष साइन(१/क्ष). क्ष शून्याकडे गेला की दुसरं पद विरून जातं, उरतो १/२. म्हणजे धन. इतरत्र डेरिव्हेटिव्ह १/२ + २क्ष साइन(१/क्ष) − कोसाइन(१/क्ष). आता क्ष = १/२π, १/४π, १/६π... असं शून्याकडे सरकत जा. साइन शून्य, कोसाइन १, उतार दर वेळी बरोबर −१/२! शून्याच्या कितीही जवळ जा, फंक्शन उतरताना सापडतंच.

मीन व्हॅल्यू थिअरमला अख्ख्या पट्ट्यात धन डेरिव्हेटिव्ह लागतो. आपल्याकडे आहे एका बिंदूपुरता. त्यावरून इतकंच कळतं की उजवीकडच्या जवळच्या किमती फ(०) पेक्षा मोठ्या, डावीकडच्या लहान. उजवीकडच्या दोघांत मोठं कोण, यावर तो गप्प. शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह संतत, म्हणजे शून्याकडे जाताना तिथल्या किमतीकडेच स्थिरावणारा असता, तर सूची बरोबर ठरली असती. इथे तो संतत नाही, −१/२ आणि ३/२ यांच्यामध्ये झोके घेत राहतो. (उडी मात्र मारू शकत नाही, मधल्या सगळ्या किमती डेरिव्हेटिव्हला घ्याव्याच लागतात, हे फ्रेंच गणिती दार्बूनं १८७५ मध्येच दाखवलंय.)

खरं सांगायचं तर मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. जर्मन गणिती वायरश्ट्रासचं १८७२ चं फंक्शन, सगळीकडे संतत पण कुठेच डेरिव्हेटिव्ह नसलेलं, मी दरवर्षी रंगवून शिकवतो. आणि त्याच वर्गात 'डेरिव्हेटिव्ह धन, म्हणजे ग्राफ चढला' हेही बेधडक बोलून जातो. 'कुठे धन?' हे विचारायचं राहूनच जातं.

चेअरमनना बोलावलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, "चुकलंच की हो," म्हणाले आणि सूची बदलली. संध्याकाळपर्यंत तपासून झालेले सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागले. चहा देणाऱ्या मामांसकट सगळे वैतागले.

त्या उत्तरपत्रिकेत मी शून्य खोडून ५ केले, सही केली. पान उलटलं, तर पुढच्याच गणितात पठ्ठ्यानं २ × ३ = ५ लिहिलेलं. तिथला एक मार्क कापला.