मार्चमधलं व्हरमाँट : छोट्या मेपल शुगरहाउसांचे खुले शनिवार-रविवार

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात मार्चमध्ये शुगरहाउसं, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस उकळून सिरप करायची ठिकाणं, पाहुण्यांसाठी खुली असतात. पहिल्या शुगरहाउसवर सकाळी साडेनऊच्या आत पोचा. कारण चिखल. मार्चच्या उत्तरार्धात इथले कच्चे रस्ते रात्री गोठून टणक होतात. दहा-साडेदहानंतर वरचा थर सुटायला लागतो, पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि चाकं अर्ध्यापर्यंत आत जातात. सकाळी जिथे गाडी आरामात उभी केली, तिथूनच दुपारी दोनला ती ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते.

व्हरमाँटमध्ये हे खुले शनिवार-रविवार तिथल्या मेपल उत्पादकांची संघटना आखते. शेजारच्या मेनमध्ये मार्चचा चौथा रविवार ठरलेला आहे, १९८३ पासून. न्यूयॉर्क, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सचेही आपापले दिवस असतात. व्हरमाँटच्या तारखा मात्र दर वर्षी पाहून घ्या. इथे लिहिलंय ते व्हाइट रिव्हरच्या खोऱ्याबद्दल : शॅरन, साउथ रॉयल्टन, टनब्रिज, स्ट्रॅफर्ड. मोठी, वर्षभर दुकान चालवणारी ठिकाणं राज्यात इतरत्रही आहेत. पण झाडांना रसासाठी ठोकलेल्या तीनशे ते हजार तोट्यांची, लाकडावर चालणारी घरगुती शुगरहाउसं पाहायची तर हे खोरं चांगलं, आणि हमरस्त्यापासून फार आतही नाही.

बॉस्टनहून आय-९३ आणि मग आय-८९ धरून व्हाइट रिव्हर जंक्शनला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. न्यू जर्सीकडून आय-९१ सोयीचा, पण एडिसनच्या बाजूने नुसतं ब्रॅटलबरोपर्यंतच चार तास धरा आणि शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या. व्हाइट रिव्हर जंक्शनहून रूट १४ नदीच्या कडेने जातो. शॅरनला रूट १३२ स्ट्रॅफर्डकडे वळतो, साउथ रॉयल्टनहून रूट ११० टनब्रिज आणि चेल्सीकडे. टनब्रिजचे छप्पर असलेले लाकडी पूल याच ११० च्या आजूबाजूला आहेत. हे तिन्ही रस्ते डांबरी आहेत. अडचण शेवटच्या एक-दोन मैलांची. फोनवरचा नकाशा बिनदिक्कत ‘क्लास ४’ रस्त्यावर घालतो. या रस्त्यांची देखभाल करायला गाव बांधील नसतं आणि हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फही काढलेला नसतो. यजमानाने सांगितलेला रस्ता लांबचा वाटला तरी तोच धरा. मराठी मंडळाची बस न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. चिखलाच्या दिवसांत बरीच गावं कच्च्या रस्त्यांवर वजनाची मर्यादा लावतात. गाड्या वाटून घ्या आणि एका ठिकाणी एका वेळी चार-पाचच पाठवा.

गुरुवारी संध्याकाळी शुगरहाउसला फोन करून एकच विचारा : शनिवारी उकळणार आहात का, आणि किती वाजता? उघडं असणं वेगळं आणि भट्टी पेटलेली असणं वेगळं. रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं आणि दिवसा ४ ते ७ अंश सेल्सियसवर आलं तरच रस वाहतो. सलग दोन दिवस गोठलेलेच गेले तर टाकीत रस नसतो. सलग तीन-चार रात्री गोठल्या नाहीत तर झाड वाहायचं थांबतं आणि टाकीतला रसही नासायला लागतो.

इथेच यजमानाची खरी कसोटी असते, आणि पाहायला गेलेल्या माणसाला ती दिसत नाही. हिशोब असा. दोन फूट बाय सहा फुटांचा लाकडावरचा साधा इव्हॅपोरेटर (भट्टीवर बसवलेली रस आटवायची पात्रं) तासाला साधारण २५ गॅलन, म्हणजे ९५ लिटर पाणी उडवतो. दहा ते चार भट्टी चालू ठेवायची तर दिवसाला १५० गॅलन रस लागतो, दोन दिवसांना ३००. तीनशे तोट्यांच्या बागेत चांगल्या दिवशी तोटीमागे गॅलनभर रस मिळतो. म्हणजे एका चांगल्या दिवसाच्या रसावर दोन्ही दिवस निघतात, फक्त तो दिवस गुरुवार किंवा शुक्रवार असायला हवा. सोमवारचा रस शनिवारपर्यंत टिकत नाही. टाकी सावलीत, उत्तरेच्या बाजूला, भोवती बर्फ दाबून ठेवली आणि रस ४ अंशांच्या आसपास राहिला तर दोन दिवस निभावतं. दहा अंशांच्या वर गेला की तो गढूळतो, पुढे तार धरतो, आणि त्याचं सिरप गडद आणि बेचव होतं. म्हणून जाणता यजमान आठवड्याच्या सुरुवातीचा रस लगेच उकळून टाकतो, टाकी धुतो आणि शेवटच्या दोन दिवसांचाच रस राखून ठेवतो.

रिव्हर्स ऑस्मोसिसचं यंत्र (उकळण्याआधीच रसातलं बरंच पाणी गाळून काढणारं) असलेल्यांची अडचण उलटी असते. २ टक्क्यांचा रस ८ टक्क्यांवर नेला की १५० गॅलनचे ३८ होतात आणि दीड तासात खेळ संपतो. धंद्यासाठी हे उत्तम. पण दुपारी दोनला आलेल्या पाहुण्यांना थंड भट्टी दिसते. म्हणून खुल्या दिवशी काही जण यंत्र बंद ठेवतात किंवा ४ टक्क्यांवर थांबवतात. आमच्या मते हे लाकूड वाया घालवणं नाही. लोक वाफ पाहायला आलेले असतात. रस अजिबात नसेल तर पात्रात पाणी उकळून वाफ दाखवणारेही आहेत. तसं स्पष्ट सांगून केलं तर त्यात वावगं काही नाही.

ज्यांनी कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना आत शिरल्यावर काहिलीची आठवण येईल, पण आकड्यांत मोठा फरक आहे. उसाच्या रसात गोडी पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात असते, मेपलच्या रसात दोन. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, म्हणजे एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. २ टक्क्यांना ४३. वर सांगितलेल्या छोट्या इव्हॅपोरेटरवर तासाला जेमतेम सव्वादोन लिटर सिरप निघतं. त्यामुळे सिरप काढण्याचा क्षण तासातून एखाददाच येतो आणि बहुतेक पाहुण्यांचा हुकतो. एका शुगरहाउसने दारावर पाटी लावून त्यावर खडूने ‘पुढचं सिरप सुमारे ११:३०’ असं लिहायची पद्धत ठेवली आहे. इतकी साधी सोय सगळ्यांनी करावी. लोक तोवर बाग पाहून येतात आणि आतली गर्दी आपोआप पातळ होते.

तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. मागच्या खोल पात्रातून रस पुढच्या सपाट पात्रात कप्प्याकप्प्याने सरकत येतो. शेवटच्या कप्प्यात बुडबुडे लहान, दाट आणि सोनेरी होतात. उकळणारा माणूस पळी बुडवून आडवी धरतो. थेंब सुटे पडेनात आणि पळीच्या कडेला एकत्र होऊन पडदा धरू लागले की तो थर्मामीटरकडे बघतो. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर ७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सियस. हवेच्या दाबाप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून सकाळी आधी पाणी उकळून थर्मामीटर जुळवून घेतात. मग उंच धातूच्या कपात गरम सिरप काठोकाठ भरून त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घट्टपणा मोजणारी तरंगती काचनळी, सोडतात. त्याची लाल रेघ सिरपच्या पातळीला आली की झालं. व्हरमाँटचा नियम किमान ६६.९ ब्रिक्सचा, म्हणजे साधारण तितके टक्के साखरेचा आहे. याहून पातळ राहिलं तर बाटलीत आंबतं किंवा बुरशी धरतं, फार घट्ट झालं तर तळाशी खडे बसतात.

ज्यांना स्वतःचं शुगरहाउस पाहुण्यांना खुलं करायचंय, किंवा ओळखीच्या शुगरहाउसला त्या दिवशी मदत करायची आहे, त्यांनी सगळ्यात आधी माणसांची वाटणी करावी. उकळणारा बोलत नाही आणि बोलणारा उकळत नाही. पुढच्या पात्रात रस जेमतेम दीड-दोन इंच असतो. उकळणाऱ्याने प्रश्नाला उत्तर द्यायला पाठ फिरवली, तेवढ्यात रसाची पातळी राखणारा तरंगता गोळा अडकला किंवा आत येणारा रस थांबला, तर काही मिनिटांत पात्र करपतं. एक करपलेलं पात्र म्हणजे त्या दिवसाचं काम संपलं आणि हजारो डॉलरचं सामान गेलं. म्हणून पुढच्या पात्राशेजारी ताज्या रसाची भरलेली बादली कायम हवी. पातळी उतरताना दिसली की आधी ती ओतायची, कारण नंतर शोधायचं. भट्टीत दर सात-आठ मिनिटांनी मनगटाएवढी, खडखडीत वाळलेली लाकडं घालावी लागतात. गप्पांच्या नादात ते चुकतं, आणि आच मंदावली की उकळी बसते. खिशात टायमर ठेवा.

तिसरा माणूस बाहेर गाड्यांपाशी, नारिंगी जॅकेट घालून. चौथा विक्रीच्या टेबलाशी. चौघांपेक्षा कमी असाल तर दोन दिवसांऐवजी एकच दिवस उघडा.

भट्टीभोवती चार फुटांवर दोरी हवी, भट्टीचं दार उघडतं आणि सिरप काढतात त्या दोन बाजूंना तर हवीच हवी. दार उघडताना ठिणग्या बाहेर येतात. वाफेने फरशी ओली होते; तिथे रबरी चटया टाका. लहान मुलांना उंचावरून दिसावं म्हणून दोरीबाहेर एक जड बाक ठेवा, नाहीतर आईबाप त्यांना खांद्यावर घेऊन दोरीच्या आत झुकतात. गाड्यांपासून दारापर्यंत लाकडाचा भुसा किंवा पेंढा जाड पसरा. पेंढा दुपारपर्यंत चिखलात बसतो, म्हणून जास्तीच्या गासड्या हाताशी ठेवा. फिरतं शौचालय आणि हात धुवायची सोय लागतेच. विमा कंपनीला आधी कळवा आणि खाण्याचे पदार्थ देणार असाल तर राज्याच्या आरोग्य खात्याकडे परवान्याचं विचारून घ्या. जुन्या पत्र्याच्या बादल्यांच्या सांध्यांत शिसं असू शकतं. त्या शोभेला टांगा, त्यातला रस वापरू नका. झाडाखालचा कच्चा रस प्यायला मागणारे खूप असतात. त्यांना उकळलेला रस कपात द्या, तोही छान लागतो.

बागेत फिरताना झाडांचा रस वाहून नेणाऱ्या निळ्या-हिरव्या नळ्यांना हात लावू नये, ओणवं होऊन खालून जावं. एखादी नळी निसटली की त्या पूर्ण ओळीचा निर्वात (रस ओढणारी पोकळी) जातो आणि गळती शोधायला यजमानाची संध्याकाळ जाते. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवा.

चव फिकट ते गडद याच क्रमाने घ्या : गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क. उलटं केलं तर गोल्डनची चवच कळत नाही. यजमानांसाठी : अर्ध्या औंसाचे घोट दिले तर एका गॅलनमध्ये अडीचशे होतात. एक औंसाचे कप काठोकाठ भरू नका.

बर्फावरचा पाक हा या दिवसांचा मानाचा पदार्थ. सिरप ११२ अंश सेल्सियसपर्यंत, आपल्या भाषेत मऊ गोळीबंद पाकापर्यंत, न्यायचं आणि दाबून भरलेल्या बर्फावर धार सोडायची. धार वर राहिली तर जमलं. बर्फात बुडून गेली तर अजून उकळायला हवं. मार्चअखेर स्वच्छ बर्फ मिळेलच असं नाही, म्हणून शहाणे लोक आधीच तो ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवतात. नाहीतर कुटलेला बर्फ चालतो. माणशी दोन औंस सिरप धरा. ओतायचं काम फक्त यजमानाचं, कारण हा पाक कातडीला चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. सोबत आंबट काकडीचं लोणचं आणि साधा डोनट देतात. लोणचं टाळू नका. त्याच्या आंबटपणामुळेच दुसरी बशी जाते.

शाकाहारी मंडळींनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. फेस खाली बसवायला पात्रात स्निग्ध पदार्थाचा थेंब टाकतात. तो लोणी, साय किंवा वनस्पती तेल असू शकतो, आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही वापरत. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हा प्रश्न विचारावा. सेंद्रिय सिरपवाले बहुधा तेल वापरतात. डोनट आणि पॅनकेकमध्ये अंडं असतं, डोनट चरबीत तळलेले असू शकतात, आणि गावच्या पॅनकेक न्याहारीत तोच तवा बेकनलाही वापरतात. बेक्ड बीन्समध्ये खारवलेलं डुकराचं मांस नेहमीचंच. डबा बरोबर घ्या. रविवारी या गावांत दुपारचं जेवण मिळेलच असं नाही.

गमबूट घाला, गाडीत कोरडे बूट ठेवा. कॅमेरा आत नेल्यावर पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या, भिंगावरची वाफ आपोआप जाते. रोख पैसे न्या, कारण खोऱ्यात सिग्नल जातो आणि कार्डाचं यंत्र चालत नाही. दिवसात दोन शुगरहाउसं पुरेत. तिसऱ्यात शिरेपर्यंत रस्ते खराब झालेले असतात आणि मुलं कंटाळलेली.

घेताना घरी वापरायला डार्क घ्या. चहात, शिऱ्यात, घावनावर तेच उठून दिसतं. भारतात न्यायचं असेल तर काचेऐवजी पत्र्याचा डबा किंवा प्लॅस्टिकचा जग घेऊन चेक-इन बॅगेत टाका. वर्षभर ठेवायचं असेल तर काच बरी, कारण प्लॅस्टिकमधून हवा झिरपते आणि सिरप हळूहळू गडद होतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा. जास्त घेतलं असेल तर सरळ फ्रीजरमध्ये टाका. तिथेही ते दगड होत नाही, ओतता येतं.