खानापूर तालुक्याचे दोन समुद्र

बेळगावात मिरगाचा पाऊस एकदा लागला की काही गोष्टी ठरलेल्या असतात. कपडे वाळत नाहीत, दारं फुगून चौकटीत अडकतात, भिंतींना ओल येते आणि मिठाला पाणी सुटतं. बाकीच्या गोष्टींवर सगळ्या गल्लीत चर्चा होते. मिठाचं कोणी मनावर घेत नाही. बरणीत चिमूटभर तांदूळ टाकायचे, झाकण घट्ट लावायचं, संपलं.

आमच्या घरात मिठाच्या दोन बरण्या आहेत. पिशवीतल्या बारीक मिठाची एक, ती टेबलावर. खडेमिठाची दुसरी, चिनी मातीची, ती ओट्याखाली. लोणच्यापापडाला तीच लागते. आषाढ सरेपर्यंत बारीक मीठ फार तर गुठळ्या धरतं, पण खडेमीठ तळाशी चक्क पाण्यात बसलेलं असतं. सासूबाईंचं यावर ठाम मत आहे. "खडेमिठात जीव असतोय, म्हणून त्याला घाम येतोय. पिशवीतलं मीठ म्हणजे नुसती पांढरी पूड."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि अर्धी गोष्ट त्या बरोबरच सांगतात. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाझरत नाही. खडेमिठाला चिकटून आलेलं मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. बेळगावच्या पावसाळ्यात हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. ओट्याखाली साचतं ते पाणी आपल्याच हवेतलं, पण त्याला बोलावून आणणारं मॅग्नेशियम समुद्रातलं. साडेसातशे मीटर उंचीवर, घाटाच्या अलीकडे, समुद्राचा हा एवढा अंश आपल्या स्वयंपाकघरात येऊन राहतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले तीसेक ग्रॅम निव्वळ सोडियम आणि क्लोराइड. उरलेल्या पाचांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि अगदी लेशमात्र बाकी सगळं. (आयोडीनही लेशमात्रच. समुद्री मीठ खाल्लं की आयोडीन आपोआप मिळतं असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही. पिशवीतल्या मिठात ते मुद्दाम घालावं लागतं.) मिठागरात हे पाणी उन्हात आटवायला घेतलं की क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम. दहातले नऊ हिस्से पाणी उडून गेल्यावर खरं मीठ धरतं. शेवटी उरतं ते कडू पाणी, मॅग्नेशियमचं. ते वेळेवर काढून टाकायचं असतं. काढायला उशीर झाला, किंवा मीठ नीट निथळू दिलं नाही, की तो कडूपणा खड्यांबरोबर पोत्यात भरला जातो आणि पावसाळ्यात आमच्या बरणीत पाझरतो.

आंबोली उतरून सावंतवाडीवरून शिरोड्याला गेलं की मिठागरं दिसतात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडे. आता देशातलं बहुतेक मीठ गुजरातेतून येतं, आणि तरी जुन्या लोकांना शिरोड्याच्या मिठाची चव वेगळी लागते. चव वेगळी असेलही, पण ती समुद्राची नव्हे, मिठागराची. समुद्राचं तिखटमीठ सगळीकडे एकाच मापाचं आहे. ब्रिटिशांचं चॅलेंजर जहाज १८७२ ते १८७६ जगभरचे समुद्र फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला: कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, खारटपणा कमीजास्त असेल, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच. क्लोराइड मोजलं की सोडियम किती, मॅग्नेशियम किती, ते न मोजता सांगता येतं.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती अशी, की मग दोन समुद्रांमधला फरक क्षारांचा उरतच नाही. फरक उरतो तो गोड्या पाण्याचा. कुठे ऊन जास्त आणि नद्या कमी म्हणून पाणी दाट होतं, कुठे नद्या इतकं ओततात की ते पातळ होतं. आणि गोड्या पाण्याचा विषय निघाला की खानापूर तालुक्याचं नाव घ्यावंच लागतं.

चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबी लागते. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. त्याच कणकुंबीच्या रानातून कळसा नाला निघतो, तो पश्चिमेला जाऊन म्हादईला मिळतो. म्हादई याच तालुक्यातली, भीमगडच्या जंगलातली. गोव्यात शिरली की तिची मांडवी होते आणि उगमापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरांत पणजीला अरबी समुद्रात संपते. मलप्रभेला एवढी घाई नाही. नविलुतीर्थाचं धरण, कूडलसंगमला कृष्णेची भेट, मग नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा बंधारा आणि शेवटी बंगालचा उपसागर, हजारावर किलोमीटर. कणकुंबीच्या एका घराच्या पत्र्यावर पडलेल्या पावसाच्या पागोळ्या पुढच्या अंगणात एका समुद्राच्या आणि मागच्या परसात दुसऱ्या समुद्राच्या, असं म्हणताना मी थोडं वाढवून सांगते आहे, पण फार नाही.

तो पाऊसही समुद्रावरूनच आलेला. समुद्राची वाफ होताना मीठ मागे राहतं, हे शाळेत शिकतो. पण लाटा फुटताना जे तुषार उडतात, ते वाळून मिठाचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत राहतात, आणि ढगातले कितीतरी थेंब अशा कणाभोवती धरलेले असतात. जांबोटीच्या रानात डोक्यावर पडणाऱ्या सरीतही समुद्राचं मीठ असतं, जिभेला कळणार नाही इतकं.

नद्या समुद्राला गोडं पाणी देतात आणि क्षारही देतात. खडक झिजवत आणलेले. यावरूनच आयर्लंडच्या जॉन जोली यांनी १८९९ साली हिशेब मांडला होता: समुद्रात सोडियम किती, नद्या वर्षाला किती आणतात, भागाकार करा, समुद्राचं वय मिळेल. उत्तर नऊ कोटी वर्षांच्या आसपास आलं. पृथ्वीचं खरं वय साडेचारशे कोटींच्या वर. हिशेब चुकला तो आवकेत नाही, जावकेत. सोडियम समुद्रात येतं तसं बाहेरही जातं. गाळात अडकतं, आटलेल्या समुद्रांच्या मिठाच्या थरांत साठतं. १९७७ साली गालापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, आणि तिथेही क्षारांची देवघेव चालते हे कळलं. नद्यांच्या पाण्यात खरं तर कॅल्शियमचा जोर असतो. समुद्रातले जीव ते शिंपल्यांसाठी, कवचांसाठी उचलतात. सोडियमला एवढं गिऱ्हाईक नाही, म्हणून ते साचतं.

उचललेल्या कॅल्शियमचं पुढे काय होतं ते पाहायला लांब जायला नको. बागलकोट, लोकापूरकडे गेलं की चुनखडक लागतो, त्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडे तिथे उथळ समुद्र होता. शिंपले तेव्हा जन्मलेच नव्हते. सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून काही खडक बनले, ते ओळखू येतात. बेळगावला समुद्र नाही असं आपण म्हणतो. समुद्र येऊन गेलेला आहे, आपणच तेव्हा घरी नव्हतो.

आता त्या दोन समुद्रांकडे. अरबी समुद्रावर पावसापेक्षा वाफ जास्त, म्हणून तिथे पृष्ठभागाच्या एका किलो पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास क्षार. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि आपल्या मलप्रभेला घेऊन आलेली कृष्णा. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागात हा आकडा ३० च्याही खाली उतरतो. ऐकायला फरक किरकोळ. पण कमी खारं पाणी हलकं असतं, आणि ते दुधावरच्या सायीसारखं वर पसरून राहतं. वाऱ्याने खालचं गार पाणी वर यायचं, ते येत नाही. उन्हाची उष्णता त्या पातळ थरातच कोंडते. उपसागरात चक्रीवादळं अरबी समुद्रापेक्षा पूर्वापार जास्त, साधारण चारास एक, त्याच्या कारणांत हेही एक कारण.

दुसरा परिणाम ताटात दिसतो. खालच्या गार पाण्यात समुद्राचं खत असतं, नायट्रेट, फॉस्फेट. ते उजेडात वर आलं तरच सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर मासळी. उपसागरात वरचा थर ते दाबून ठेवतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे वारे आणि प्रवाह मिळून तळाचं पाणी वर ओढतात. केरळपासून वर कारवार, गोव्यापर्यंत हे चालतं. त्यावरच तारली आणि बांगडा पोसतो. जून आणि जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. कॅम्पातल्या मासळी बाजारात तेव्हा सुक्या बांगड्याचं राज्य. ऑगस्ट उजाडला की गाड्या घाट चढायला लागतात.

"मावशी, बांगडा कुठला?"

"कारवारचा हाय की. बघा डोळे कसे हाईत."

"गेल्या आठवड्यापेक्षा मोठा दिसतोय."

"मग! दर्याने दोन महिने राखलाय न्हवं."

दर्याने राखला हे बरोबर. फक्त राखताना त्याला खत कोणी घातलं, त्यात मांडवीचाही वाटा असतो. नदी नुसतं पाणी नेत नाही. खडकांतली सिलिका नेते, आणि डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती त्या सिलिकेची कवचं बांधतात. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वर गोडं पाणी आणि खाली खारं, असे दोन मजले असतात. उन्हाळ्यात नदी रोडावली की खारं पाणी भरतीबरोबर आत कितीतरी किलोमीटर चढतं.

म्हणून भाषणांमधलं एक वाक्य मला खटकतं: "एवढं पाणी समुद्राला मिळून वाया जातंय." सगळ्या पक्षांचं हे आवडतं वाक्य. हुबळी-धारवाडला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं तेव्हा कळसा आणि बंडुरी या म्हादईच्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्याची मागणी का होते ते मला कळतं, त्याची थट्टा करायची नाही. २०१८ साली म्हादईच्या पाणीवाटपावर नेमलेल्या लवादाने निवाडाही दिला. पण समुद्राच्या बाजूने पाहिलं, तर हा वाद अरबी समुद्राच्या वाटेवरचं पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेवर वळवण्याचा आहे. तिथवर ते पोचत नाही, मधेच नळाला आणि पिकांना जातं, ही गोष्ट वेगळी. हिशेबात एक बाजू 'वाया' म्हणून लिहून ठेवायची आणि बेरीज करायची, हे जोलींसारखंच झालं. फक्त ते जावक विसरले आणि आपण समुद्राकडची आवक विसरतो.

या दोन समुद्रांची एक गोष्ट तर मला फारच आवडते. उत्तर हिंदी महासागरात वारे वर्षातून दोनदा उलटतात आणि त्यांच्याबरोबर किनाऱ्याचे प्रवाहही. पावसाळा सरला की पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहायला लागतो. नोव्हेंबर ते जानेवारीत तो उपसागराचं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून अलीकडे आणतो, आणि ते केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने उत्तरेला सरकतं. गोव्यातल्या दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत यावर पुष्कळ काम झालं आहे. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था बेळगावपासून शे-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. लक्षद्वीपच्या आसपास हे हलकं पाणी पसरतं, एप्रिल-मेमध्ये तापून तीस अंशांच्या वर जातं, आणि मान्सून केरळात पोचण्याआधी तो भाग जगातल्या सर्वांत उबदार समुद्रांपैकी एक असतो.

म्हणजे कणकुंबीच्या पूर्व उतारावर पडलेला एखादा थेंब, धरणांतून, उसाच्या फडांतून आणि नळांतून कसाबसा सुटला, तर आंध्रातून समुद्रात उतरून, श्रीलंकेला फेरी मारून, कारवारच्या समोर येऊ शकतो. तिथे त्याला पश्चिम उतारावरचा, म्हादईतून आलेला शेजारी भेटायला हरकत नाही. अशा पाण्यावर मग कर्नाटकाचा हक्क की गोव्याचा, हे मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त वकिलांना विचारलं. त्यांची हयात खटल्यांत गेलेली. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "वहिनी, आधी सीमाप्रश्न तरी सुटू दे की हो."