'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आणि माझा प

परवा एका ओळखीच्या मुलाचा मेसेज आला, दादा मी तोतरा बोलतो, कॅम्पस प्लेसमेंट तोंडावर आलंय, एचआरला आधी सांगू की नको, आणि याचं दिव्यांग सर्टिफिकेट मिळतं का. रिप्लाय टाईप करत बसलो तो इतका लांबला की म्हटलं इथेच टाकतो, अजून कुणाला लागला तर लागला.

सांग. आधीच सांग. कारण बोलण्यापेक्षा लपवण्यातच जास्त दम जातो. आपण सगळे त्यात पटाईत असतो ना, अडणारा शब्द लांबूनच येताना दिसतो आणि आपण पटकन दुसरा शोधून ठेवतो. मला प जड जातो. पुण्यात बसमध्ये कंडक्टरला 'पिंपरी' म्हणता येईना म्हणून कितीतरी वेळा निगडीचं तिकीट काढून पिंपरीला उतरलोय, पैसे जास्त गेले तर जाऊदे. पण स्वतःच्या नावाला काय दुसरा शब्द देणार? माझं नावच प वरून, आणि इंटरव्ह्यूत पहिलं तेच विचारतात. ओठ मिटले की मिटले. व्हिडिओ कॉलवर तर समोरच्याला वाटतं नेटवर्क गेलं.

आणि लपवून काय व्हायचं तर 'पॉलिमॉर्फिझम' (जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक कल्पना) चांगलं येत असून तो शब्द टाळायला मी असलं काहीतरी गोल गोल बोलायचो की समोरच्याला वाटणार याला जावाच येत नाही. म्हणजे तोतरा आहे हे कळू नये म्हणून ढ ठरायचं, कुठला धंदा हा!

मग मी सुरुवातीलाच सांगायला लागलो, मी बोलताना अडखळतो, एखाद्या शब्दाला वेळ लागेल, उत्तर येत नाही असं समजू नका. बास, एवढंच. सॉरी वगैरे म्हणायचं नाही. सांगून टाकलं की माझं तरी अडखळणं थोडं कमी होतं, जात नाही. रिजेक्शन त्यानंतरही आली, एका ठिकाणी 'कम्युनिकेशन स्किल्स' असं कारण दिलं, पण निदान जावाचं नाव तरी खराब झालं नाही 😄

खरा वैताग त्या ऑटोमेटेड व्हॉइस टेस्टचा. मशीनला कोण समजावणार? आपला ब्लॉक, म्हणजे शब्द अडकून आवाजच न फुटणं, तिच्यासाठी नुसती शांतता, ती पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. तशी टेस्ट असेल तर आधीच एचआरला मेल टाक की माझ्यासाठी माणसासोबत राउंड ठेवा. मला एका कंपनीने हो म्हटलं, दुसरीने उत्तरच दिलं नाही.

घरचे वेखंड चाटवतील, अक्कलकाढा देतील, घाबरतोस कशाला म्हणतील. घाबरल्याने वाढतं हे खरं, पण मूळ भीतीत नाहीये, मेंदूत बोलण्याचं टायमिंग जुळण्याशी संबंध आहे आणि बऱ्याचदा घराण्यातही असतं. मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोकांना असतं, त्यात पुरुष बरेच जास्त. आणि बघ, गणपतीत सगळ्यांसोबत आरती म्हणताना तू कधी अडकलायस?

सर्टिफिकेटचं पण विचारलंयस. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत 'वाचा आणि भाषा' आहे, पण व्याख्येत उदाहरणं दिलीयत ती स्वरयंत्र काढणं, अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) अशी, तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे कोट्याच्या भरवशावर राहू नकोस.

जॉइन झाल्यावर वेगळीच कसरत. पहिल्या दिवशी गोल बसून प्रत्येकाने ओळख करून द्यायची, आपला नंबर जवळ येतोय तसा घसा आवळत जातो आणि आधीच्या माणसाचं नाव काय ते कानातच शिरत नाही. रोजच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, पण तेच. मी लीडला सांगून पहिला नंबर मागून घेतला, वाट बघण्यातच जीव जातो म्हणून. टीममधला एकजण माझी वाक्यं पूर्ण करायचा, चांगल्या मनानेच, पण बहुतेक वेळा चुकीची. त्याला चहाला नेऊन सांगितलं, थांबत जा रे, येतो शब्द. थांबतो आता.

फोनचं मात्र अजून जमलेलं नाही. 'हॅलो'नंतर ब्लॉक आला की समोरचा दोनदा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. टीममधल्यांना मी आधी चॅटवर लिहितो, कॉल करतोय, लगेच कट करू नको. क्लायंटला काय असं लिहिता येत नाही, तिथे मॅनेजर सुरुवात करून देतात आणि मी मधून शिरतो. चाललंय सध्या असंच. तुझ्या टेस्टची तारीख आली की कळव, एचआरच्या मेलचा ड्राफ्ट पाठव, बघून देतो.