अनारसे का हसतात, हे शीर्षकात लिहा

गेल्या दिवाळीआधी माझ्या पाककृतींच्या साइटच्या एका वाचक बाईंचा फोन आला. त्यांना दिसत नाही. लॅपटॉपवर त्या एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतात. म्हणाल्या, "ताई, तुमचं अनारशाचं पान तीनदा पहिल्यापासून ऐकलं. मला फक्त अनारसे का हसतात तेवढंच हवं होतं. पण एच दाबलं की तुमच्या साइटचं नाव ऐकू येतं आणि पुढे काहीच नाही." (अनारसे हसतात म्हणजे तळताना तुपात पसरून फुटतात.)

मला खरंच कळेना. पानावर साहित्य, कृती, टीप अशी सगळी शीर्षकं होती की! रात्री पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला तेव्हा उलगडा झाला. मी ती अक्षरं नुसती ठळक आणि मोठी केली होती. डोळ्यांना शीर्षक, पण एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्या लेखी, साधा परिच्छेद. आणि ज्यांनी साइट करून दिली त्यांनी एच१, म्हणजे मुख्य शीर्षकाची खूण, दिला होता साइटच्या नावाला, प्रत्येक पानावर तोच.

एचटीएमएलमध्ये शीर्षकांच्या सहा पातळ्या आहेत, एच१ ते एच६. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढचं शीर्षक, २ दाबलं की पुढचं दुसऱ्या पातळीचं. आपण पान वरून खाली नजरेनं चाळतो, तसं त्या बोटांनी चाळतात. मी त्यांचा तो रस्ताच बंद केला होता, याचं फार वाईट वाटलं.

मग आईच्या शेजारी बसून पान नव्यानं मांडलं. एच१ पाककृतीच्या नावाला. त्याखाली एच२: तांदूळ तीन दिवस भिजवणे, पिठी आणि गूळ, तळणे. सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'टीप' या शब्दावर. गूगलवर 'टीप' असं कोण शोधतं? आईला मी विचारलं, बायका तुला काय विचारतात? ती म्हणाली, "हसले, कडक झाले, जाळी पडली नाही. अजून काय विचारणार?" तीच तीन शीर्षकं झाली. 'अनारसे तुपात का हसतात?' याखाली गूळ जास्त होणं, पीठ सैल होणं आणि त्यावर थोडी तांदळाची पिठी मिसळण्याचा उपाय. 'अनारसे कडक का होतात?' याखाली दुधाचा हबका किंवा कुस्करलेलं केळं. जाळीच्या शीर्षकाखाली खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्यानं वरून तूप सोडणं.

पुढे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, लोकांनी टाइप केलेल्या शब्दांत 'अनारसे हसतात' दिसायला लागलं. तेव्हा आईला मुद्दाम हाक मारून दाखवलं.

एच१ दोन झाले किंवा एच२ नंतर थेट एच४ आला की गूगल पान मागे टाकतं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तसं नाही. शीर्षकांचा क्रम चुकला तरी गूगलला अडचण नाही आणि त्यांची अमुक एक संख्याही ठरलेली नाही, असं गूगलच्याच मार्गदर्शिकेत आहे. शोधाच्या निकालात दिसणारं नाव मात्र गूगल कधी कधी पानावरच्या मुख्य शीर्षकातून उचलतं, म्हणून तिथे साइटचं नाव असून चालत नाही. क्रम मी पाळते तो ऐकणाऱ्यांसाठी. एच२ वरून एच४ वर उडी पडली, तर मधलं काही सुटलं का, असं त्यांना वाटतं. अक्षर लहान हवं म्हणून एच४ निवडू नका, आकार सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, बदला. आणि प्रत्येक शीर्षकात 'अनारसे रेसिपी मराठी' घुसडू नका. एकदा डोळे मिटून असं पान ऐका, कान किटतात.

चकलीचं पान अजून तसंच आहे. तिथे एकाच 'टीप'खाली तीन प्रश्न कोंबलेत: चकली मऊ का पडते, पाडताना का तुटते, तेल का पिते. घटस्थापनेच्या आत ते सुटे करायचेत, कारण भाजणीचे फोन त्यानंतर लगेच सुरू होतात.