सूज उतरली, पण घोट्याचा तोल कोण बघणार?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींमध्ये पाय मुरगळणं ही काही बातमीच नसते. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-चोपडा पट्ट्यात ग्राउंड म्हणजे बऱ्याचदा शाळेमागचा मोकळा तुकडा, नाहीतर शेताकडे जाणारा कच्चा रस्ता. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या सुकून कडक होतात, आणि मुलं 1600 मीटर, मुली 800 मीटर घड्याळ लावून पळत असतात तेव्हा खाली कोण बघणार. तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्याखाली फुगायला लागतं. मग पुढचं सगळं ठरलेलं, आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, गावात कुणीतरी चोळून देणारं असतंच (पहिल्या दिवसांत रगडून चोळू नका हो, आत आधीच फाटलेलं असतं), थोडा आराम आणि सूज उतरली की परत ग्राउंडवर.

मला बोलायचंय ते या "परत ग्राउंडवर" बद्दल. सूज उतरणं आणि घोटा तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कुणीच तपासत नाही.

एक मुलगी परवा म्हणाली, "सर, आते काहीच दुखस नही." म्हटलं ठीक आहे, बूट काढ आणि एका पायावर उभी राहा. चांगल्या पायावर आरामात उभी राहिली. मुरगळलेल्या पायावर डोळे उघडे होते तोवर जमलं, फक्त बोटं माती धरायला लागली. मग डोळे मिटायला सांगितले. घोट्यापुढच्या शिरा एकेक करून उठायला लागल्या, तळवा एकदा आत एकदा बाहेर, कंबर एका बाजूला गेली, हात वर आले आणि दुसरा पाय टेकला. दुखलं काहीच नाही. पण हीच मुलगी दुसऱ्या दिवसापासून पूर्ण स्पीडने पळणार होती!

आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर सारखं थोडं थोडं हलत असतं आणि सावरत असतं. हे सावरणं तीन ठिकाणच्या माहितीवर चालतं, डोळे, कानाच्या आतला तोलाचा भाग, आणि पायाचे सांधे-स्नायू-तळवे. मुरगळण्यात बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणतात किंवा फाटतात, त्यातही घोट्याच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट सगळ्यात आधी. त्यात नसांची टोकं असतात, पाय किती वळलाय हे कळवणारी. 1965 मध्ये फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जनने मांडलं की दुखापतीत ही टोकंही जातात, म्हणून पाय नंतरही "दगा देतो", आणि त्याने पेशंटना हलणाऱ्या फळीवर उभं करून व्यायाम दिले. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. एक पाय मुरगळला तरी कधी कधी दुसऱ्या, धडधाकट पायाचाही तोल कमी झालेला सापडतो, म्हणजे फरक वर, मेंदू आणि मज्जारज्जूच्या कंट्रोलमध्येही पडतो. आणि जुनी दुखापत असलेले लोक उभं राहताना डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतात. म्हणूनच दोन्ही पायांवर, उजेडात, सपाट फरशीवर उभं केलं तर बहुतेकांचं सगळं नॉर्मल दिसतं. खोट दिसते ती एका पायावर आणि डोळे मिटल्यावर, आणि भरतीची पोरं तर पहाटे अंधारात पळतात.

लॅबमध्ये हे फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाखालचा जोर मोजणाऱ्या पाटीवर, मोजतात. आपल्याकडे रेघा आखायची चुन्याची फक्की आहे. ग्राउंडवर इंग्रजी वाय काढायचा, मध्ये एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाने तिन्ही रेघांवर जमेल तेवढं लांब टेकायचं, तोल न घालवता, हात कमरेवर. मग टेप लावून दोन्ही पायांचं अंतर बघायचं. अमेरिकेत शाळेच्या बास्केटबॉल खेळाडूंवरच्या एका अभ्यासात (2006) पुढच्या रेघेवर दोन पायांत 4 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापती जास्त झाल्या होत्या. आपण काही संशोधन करत नाही आहोत, पण दोन पायांतला फरक पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की ते ऐकतं, हा माझा अनुभव आहे. नुसतं सांगून नाही ऐकत.

व्यायाम काही महागाचा नाही. अनवाणी, भिंतीजवळ, एका पायावर अर्धा मिनिट, दोन-तीनदा. जमलं की डोळे मिटून. ते जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. मग एका पायावर उभं राहून मित्राशी बॉल झेलाझेली, मग छोट्या उड्या आणि उतरल्यावर तिथेच थांबणं. हे रोज, निदान सहा आठवडे, आणि दोन्ही पायांनी. अशा बॅलन्स ट्रेनिंगने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि एकदा मुरगळलेला पाय परत मुरगळण्याचा धोका जास्त असतो हेही तितकंच पक्कं आहे.

हे फक्त भरतीवाल्यांचं नाही. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून, ठिबकच्या नळ्या ओलांडत जाणारी माणसं बघा. वजन वर, जमीन निसरडी, आणि पाय कुठे पडतोय हे दिसतही नाही. त्यांचा जुना मुरगळलेला पाय कुणी कधी तपासलाय का? मला तर वाटतं त्यांना याची गरज आपल्या पोरांपेक्षा जास्त आहे. वयस्कर माणसांनी मात्र डोळे मिटून करायचं तर भिंतीला हात आणि शेजारी कुणीतरी हवंच.

आणि हे सगळं हाड शाबूत असेल तर. मुरगळल्यावर लगेचही आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड नाहीतर टोक दाबल्यावर तिथेच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. कॅनडात 1992 ला ठरवलेल्या नियमांत या खुणा आहेत, आजही डॉक्टर त्या वापरतात. एक्स-रे क्लिअर आला की "काही नाही, नुसती मोच आहे" म्हणून घरी पाठवतात तेव्हा तिथेच विचारा, तोलाचे व्यायाम कधीपासून सुरू करू?