शनिवारची पाळी आणि पस्तीचे पोते

गेल्या चार महिन्यांपासून दर शनिवारी सकाळी दहा ते दोन या वेळात मी बडोद्यात, रावपुऱ्याच्या एका गल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विनावेतन काम करते. दुकान एका धर्मादाय न्यासाचे आहे. लोक घरातली नको झालेली पुस्तके आणून देतात, ती स्वस्तात विकली जातात आणि त्या पैशांतून शाळकरी मुलांची फी भरली जाते. नाव नोंदवताना माझी समजूत अशी होती की आपण गल्ल्यापाशी बसू, गिऱ्हाइकांशी पुस्तकांविषयी बोलू आणि मधल्या वेळात फुकट वाचू. पहिल्याच दिवशी दुकान सांभाळणाऱ्या बेन मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या, भिंतीला टेकवलेली सहा पोती दाखवली आणि म्हणाल्या, "आ बधुं मराठी छे. तमने वांचता आवडे छे, एटले तमे ज नक्की करो."

नक्की करायचे म्हणजे प्रत्येक पुस्तक मांडणीवर जाईल, दहा-वीस रुपयांच्या टेबलावर जाईल की पस्तीत, हे ठरवायचे. (रद्दीला पस्ती म्हणण्याची सवय आम्हा बडोदेकर मराठी माणसांनाही इतकी जडली आहे की पुण्याची नणंद दर वेळी हसते.) माझा हात पस्तीच्या पोत्याकडे वळेचना. तासाभरात मांडणीचा ढीग कमरेइतका झाला आणि पोत्यात पडली ती केवळ तीन गाइडे. बेनांनी तो ढीग पाहिला आणि एकेक पुस्तक उचलून "हे कोण घेईल?" एवढेच विचारत गेल्या. बहुतेक वेळा मला उत्तर देता आले नाही. दुकानात जागा मोजकी आहे आणि न खपणारी पुस्तके भरून ठेवली तर खपणारी दिसतच नाहीत, हे मला पटायला तीन शनिवार लागले. आता निम्म्याहून अधिक माल पस्तीत जातो: अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तके, मधली पाने गळलेल्या कादंबऱ्या, कुठल्या तरी सहकारी संस्थेचे वार्षिक अहवाल.

मराठी पुस्तके एवढी का येतात, हे विचारावे लागत नाही. दांडिया बाजारातली जुनी घरे पाडून इमारती होत आहेत, आजोबांची कपाटे नव्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत आणि नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. एकदा एक काकू रिक्षातून दोन पेट्या घेऊन आल्या. पेट्या उतरवून घेताना म्हणाल्या, "अहो ताई, सासऱ्यांची आहेत. मुलाला वाचता येत नाहीत आणि मला टाकवत नाहीत. तुम्ही टाका, पण मला सांगू नका." आमच्या दुकानात येणाऱ्या दानाचे इतके नेमके वर्णन मी दुसरे ऐकलेले नाही. पुस्तके देणारा माणूस बहुधा टाकण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवत असतो आणि मराठी पोत्यांपुरता तो दुसरा म्हणजे मी.

म्हणून निदान डोळसपणे टाकावे, यासाठी जुने पुस्तक ओळखायला शिकले. मुखपृष्ठ नसले, आवृत्तीचे पान फाटलेले असले तरी काळ सांगणाऱ्या खुणा उरतात. किंमत "१–४–०" अशी रुपये-आणे-पै यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. "नये पैसे" छापलेले असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतले. शके १८५७ दिसले की अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९३५ निघते. "कांहीं", "नाहीं", "घरें" असे अनुस्वारांनी सजलेले पान असेल, तर ते सहसा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचे. "अितर", "अुत्तर" असे अ ला वेलांटी-उकार जोडलेले लेखन सापडले की लिपिसुधारणेच्या भरातला तो काळ डोळ्यांपुढे येतो आणि मी काम थांबवून दोन पाने वाचतेच. किंमत नेहमी पेन्सिलीने, पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात घालायची. चिकटपट्टी लावली तर ती काढताना जुना कागद सोलून निघतो.

सर्वांत अवघड प्रकरण शिक्क्याच्या पुस्तकांचे. ऑगस्टमध्ये एका पोत्यात जांभळ्या शाईचा फिकट गोल शिक्का असलेले पुस्तक निघाले. गावाचे नाव पुसले गेले होते, पण "वाचनालय" आणि "बडोदें" एवढे वाचता येत होते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांची जी व्यवस्था उभारायला घेतली, तिच्यात गावाने वर्गणी जमवली की तितकीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तितकीच सरकार. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या काचेच्या जमिनीवर मी लहानपणी भीत भीत पाऊल टाकलेले आहे, त्यामुळे हा इतिहास मला घरचाच वाटतो. तरीही कुठल्याशा गावकऱ्यांच्या वर्गणीतले एक पुस्तक प्रत्यक्ष हातात धरणे निराळे. आमचा नियम असा की वाचनालयाचा शिक्का असेल आणि "रद्द" असा शेरा नसेल, तर पुस्तक विकायचे नाही, मालकाला परत करायचे. इथे मालकाचा पत्ताच लागत नाही. ते विकता येत नाही, पस्तीत घालता येत नाही, म्हणून मागच्या कपाटात पडून आहे.

पानांतून निघणाऱ्या वस्तूंसाठी बिस्किटांचा एक डबा ठेवला आहे. त्यात मोरपिसे, जाळी झालेली पिंपळपाने, दुधाचा हिशेब आणि एक पाचशेची जुनी नोट आहे, जी कुणी तरी जपून ठेवली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात विसरले. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरात भिजलेली पुस्तके अजूनही अधूनमधून येतात. साधा कागद फुगतो, डाग पडतात, पण वाळला की उघडतो. गुळगुळीत चित्रांच्या पुस्तकांची पाने मात्र एकमेकांना चिकटून अशी वीट होते की ती पस्तीवालाही हातात घेऊन बघत राहतो.

माझी स्वतःची चूक मागच्या महिन्यातली आहे. लाल कापडी बांधणीचा एका चरित्राचा दुसरा भाग चौथ्या पोत्यात सापडला. सुटा भाग कोण घेणार, असा बेनांचाच प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तो तीस रुपयांना टेबलावर ठेवला. अर्ध्या तासात तो गेला. घेणारा फाइन आर्ट्सचा विद्यार्थी होता; त्याला मराठी येत नव्हते, जुना कागद आणि कापड हवे होते. "कापून चिकटवणार," असे त्याने हसत सांगितलेही, आणि मी सुटे पैसे परत केले. पाऊण वाजता सहाव्या पोत्याच्या तळाशी त्याच लाल कापडातले पहिला आणि तिसरा भाग निघाले, आतल्या पानावर त्याच वळणदार अक्षरात तीच सही. मी गल्लीच्या तोंडापर्यंत धावले, पण तो केव्हाच दिसेनासा झाला होता.

बेन रागावल्या नाहीत. त्यांनी दोन्ही भाग हातात घेऊन पाहिले आणि "पस्तीमां?" असे विचारले. मी नाही म्हटले. तेव्हापासून पोती एकेक करून उपसायची नाहीत, सगळी आधी जमिनीवर पसरायची, असे मी ठरवून टाकले आहे. दोन्ही भाग सुतळीने बांधले, "दुसरा भाग नाही" अशी चिठ्ठी खोचली आणि साठ रुपये लिहिले. गेल्या शनिवारी पाहिले तर गठ्ठा तसाच होता. मी साठ खोडून चाळीस केले आणि तो खालच्या फळीवर सरकवला.